रीलवरचं गाणं क्लासमध्ये शिकवायचं का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नाशिकच्या इंदिरानगर भागात राहतात, वय ५४. गेली बावीस वर्षं त्या घरीच गाण्याचा क्लास चालवतात आणि मुलांना गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवतात. प्रवेशिका प्रथम झालेली बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे येते. सगळ्या क्लासमध्ये सुरेल गळा तिचाच. यंदा सोसायटीच्या गणपतीत तिला सध्या रीलवर गाजत असलेलं एक हळदीचं गाणं म्हणायचं आहे. तिने फोन पुढे करून विचारलं, ‘बाई, हे बसवून द्याल?’ बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि ‘असली गाणी माझ्या क्लासमध्ये चालणार नाहीत’ असं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगी रडली आणि दोन आठवडे फिरकलेली नाही. आईचा मेसेज आला की आवडीचं गाणं शिकवणार नसाल तर तिला कराओकेच्या क्लासला घालतो. यजमान म्हणतात, ‘फी येते ना, मग शिकव की.’ बाई विचारतात, ‘माझं चुकलं का? की लोकांची रुचीच रसातळाला गेली आहे आणि आम्ही उगाच पेटी उघडून बसलोय?’

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं लोकांच्या घसरलेल्या रुचीवर आणि अर्धं पान त्या मुलीवर. मी उलट्या क्रमाने उत्तर देते, कारण रुचीचं काय व्हायचं ते होईल, मुलगी मात्र घरी बसली आहे.

सोसायटीच्या स्टेजवर गायला आजकाल बाईंची गरज लागत नाही. यूट्यूबवरून ट्रॅक उतरवायचा, ब्लूटूथ स्पीकरला जोडायचा, फोनवर शब्द वाचत म्हणायचं. निम्मी मुलं तेच करतात आणि टाळ्याही मिळवतात. ही मुलगी तसं करू शकली असती. तिने ते गाणं तुमच्याकडे आणलं. गाणं नीट बसवायचं असतं आणि ते शिकवणाऱ्याकडून बसवून घ्यायचं असतं, हे तिला कुठे कळलं? तुमच्याच सतरंजीवर. रुची घसरल्याचा पुरावा म्हणून तुम्ही जिला पुढे करताय, ती खरं तर विरुद्ध बाजूची साक्षीदार आहे.

तेव्हा ‘माझं चुकलं का?’ याचं उत्तर: नकार देण्यात चूक नव्हती, तो तुमचा हक्क आहे. पण दोन ओळींवर निकाल दिलात, आणि तोही बाकीच्या मुलांसमोर. बारा वर्षांच्या वयात आपलं आवडतं गाणं मोठ्या माणसाला ऐकवायला धाडस लागतं. त्या वयात ‘हे गाणं फालतू आहे’ आणि ‘तू फालतू आहेस’ यांत मुलांना फारसा फरक दिसत नाही.

आता गाण्याकडे. तुम्ही लिहिलंय, ‘ना सूर, ना शब्द, नुसता ठोका.’ एका दमात या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. एकत्र केल्या की भांडण ‘तुमची पिढी, आमची पिढी’ या वळणावर जातं आणि तिथून कुणीच परत येत नाही.

शब्दांचं आधी. पत्रात तुम्ही गाण्याचे शब्द दिलेले नाहीत, त्यामुळे ते नुसते बाळबोध आहेत की आक्षेपार्ह, हे मला समजलेलं नाही. बाळबोध असतील तर सोडून द्या. नवरी, हळद, वरात, मोबाइल नंबर अशा यमकांनी कुणाचं वाटोळं झालेलं नाही. पण दोनशे शेजाऱ्यांसमोर उभं राहून एका मुलीने स्वतःलाच विकाऊ वस्तू म्हणावं अशा ओळी असतील, तर त्या ओळींना स्वच्छ नाही म्हणा. त्यासाठी संगीताच्या अधःपतनावर व्याख्यान लागत नाही. तुमच्या जागी तिची मावशी असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

मात्र आपल्याकडचे शब्द सोवळे होते अशा समजात राहू नका. तुम्ही मध्यमा परीक्षेच्या मुलींना ज्या बंदिशी शिकवता, त्यांचे शब्द एकदा मोठ्याने वाचून बघा. पैंजणं वाजतील, सासू-नणंद जागी होईल, तुझ्या शेजेवर मी येऊ तरी कशी! रागदारीच्या नादात आपण ते शब्द ऐकायचंच सोडून दिलंय, एवढंच. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज माणसं ते ऐकत होती, म्हणूनच मुलींना गाणं शिकवायला घाबरत होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांना ही अडचण पक्की ठाऊक होती. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस पुढे आपल्या नाशिकला येऊन राहिला, इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम चालवला आणि १९२१ साली त्यांचा मुलगा, म्हणजे द. वि. पलुस्कर, इथेच जन्मला. विष्णु दिगंबरांनी पाठ्यपुस्तकं छापली, स्वरलेखन आणलं आणि कित्येक शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून तिथे भक्तीचे घातले. चाल ठेवली, शब्द बदलले. तुम्ही मुलांना ज्या परीक्षांना बसवता, त्या परंपरेच्या मूळपुरुषाने केलेली ही तडजोड आहे. हळदीच्या गाण्यातली एक ओळ बदलायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

ठोक्याबद्दल तर नाशिककरांनी जपूनच बोलावं. या शहराने देशाला दिलेली सर्वांत मोठ्या आवाजाची गोष्ट म्हणजे ढोल! तो इथून निघाला तो थेट केरळातल्या मिरवणुकांत ‘नाशिक ढोल’ या नावानेच पोचला. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, उभं राहून कुणी ‘जरा विलंबित लयीत होऊ द्या’ असं म्हणत नाही. ठेका जोरकस असणं हा दोष नव्हे. तुम्हाला छळतो तो आवाज. तुम्हीच लिहिलंय की लग्नसराईत रात्री खिडकीच्या काचा थरथरतात. ती तक्रार रास्त आहे आणि तिच्यासाठी कायदा आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. तेव्हा दहानंतर वाजलं की ११२ लावा. भीमसेनजींची तबकडी त्याच आवाजात रात्री अकराला लावली तरी ११२ लावा. डीजेवरचा राग मात्र पेटीसमोर बसलेल्या पोरीवर निघू नये.

राहिला सूर. इथे तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची साडेचार लाखांवर ध्वनिमुद्रणं संगणकाने तपासली. सुरांच्या मांडणीतलं वैविध्य घटत गेलंय, वाद्यांचे नाद एकसारखे होत चाललेत आणि ध्वनिमुद्रणांचा आवाज वाढत गेलाय, असं त्यांना आढळलं. अभ्यास तिकडच्या गाण्यांचा आहे, तो उचलून हळदीच्या गाण्यांना लावता येणार नाही. पण ‘सगळं एकसारखंच वाटतं’ ही तक्रार म्हणजे निव्वळ म्हातारपणाची कुरकुर नव्हे, इतपत दिलासा त्यातून घ्या.

कारणंही उघड आहेत. स्पॉटिफायवर गाणं निदान तीस सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजतात. मग मुखड्याआधी मिनिटभर सतार-बासरी ठेवायला कोण धजावेल? सुरुवातीलाच मुखडा, रीलला पुरेल असा एक तुकडा, तोच चारदा, आणि अंतरा असलाच तर नावापुरता. गळ्यातला खरखरीतपणा, सुराकडे सरकत जाणं, किंचित उतरलेला सूर हे सगळं यंत्राने इस्त्री केल्यासारखं सरळ होतं.

पण यंत्राने आणि बाजाराने गाण्याचा आकार ठरवायची ही पहिली वेळ आहे का? १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हा घटकाभर रंगणारी चीज तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावी लागली. जुन्या गवयांना तो भ्रष्टाचार वाटला तर नवल नाही. अशाच एका तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐकून लहानग्या भीमसेनने घर सोडलं. आखूड झालं म्हणजे संपलं, असं होत नाही.

तुमच्या पेटीचंच घ्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. परकं वाद्य, ठोकळेबाज सूर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) निघत नाही, भारतीय गळे बिघडवील असा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. पेटीवर मींड निघत नाही हे तुम्हीही रोज अनुभवता. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातलं नाट्यसंगीत, भजन, कीर्तन सगळं पेटीवरच चाललं आणि गळे जसे होते तसेच राहिले.

त्याहून बोलकी गोष्ट बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आहे. आपलेच पुण्याचे गृहस्थ, १९५२ ते १९६२ केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री. चित्रपटगीतांनी लोकांची रुची बिघडते यावर त्यांचा ठाम विश्वास, अगदी तुमच्यासारखा. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच १९५२ मध्ये अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथे सुरू झाली आणि बुधवारी रात्री अख्खा देश तिच्यापुढे बसू लागला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारनेच विविधभारती काढली आणि चित्रपटगीतं परत आली. ज्यांना रसातळ म्हणून हाकललं होतं, ती गाणी म्हणजे आज आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तीच!

केसकरांना मी खलनायक करत नाही. त्यांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताला जागा मिळाली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला नवं गाणं, वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल. ते ऐकायला कुणाला सक्ती करावी लागली नाही. तुमच्यासारख्या शिक्षकाच्या कामाची गोष्ट मला यात दिसते. बंद केलेलं लोकांनी दुसऱ्या खिडकीतून मिळवलं, पण नवं चांगलं केलेलं मात्र लोकांनी ठेवून घेतलं.

एक जरा टोचणारा प्रश्न विचारते. ‘असली गाणी’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं काय येतं? गाणं वाईट आहे हे, की ते कुणाच्या हळदीत वाजतं ते? आपल्याकडे रुचीच्या नावाखाली पुष्कळदा वस्ती, जात आणि लॉन्सचा दर बोलत असतो. सुलोचना चव्हाणांनी अंगभर पदर घेऊन उभी हयात लावण्या गायल्या. ज्या दिवाणखान्यांत त्या रेकॉर्ड चोरून वाजत, तिथेच त्यांना नावं ठेवली जात. २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचं गायले तेव्हा मंदिरवाल्यांनी आपले म्हटले. भीमगीतं गायले ती मात्र ‘त्यांची’ राहिली. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. हजारो माणसांच्या ओठी त्यांचे शब्द आहेत. तुमच्या क्लासमध्ये बावीस वर्षांत त्यांचं एक तरी गीत म्हटलं गेलं का? मी आरोप करत नाही. अभ्यासक्रमात नाही म्हणून राहिलं असेल. पण बहुतेक वेळा ‘रुची’ म्हणजे अभ्यासक्रमाने जे दाखवलं तेवढंच असतं.

‘आमच्या वेळी’ हेही जरा तपासून घ्या. तुम्ही बारा वर्षांच्या होतात तेव्हा डिस्कोची साथ आली होती, टॉकीजला दादा कोंडके होते आणि प्रत्येक वरातीत बँडवाले तीच ती चार गाणी वाजवत होते. त्यातलं टाकाऊ ते काळाने गाळलं, उरलेलं आपण ‘जुनं ते सोनं’ म्हणून मिरवतो. आणि हलकं घ्या, पण दर रविवारी हॉल घेऊन, एको पूर्ण वाढवून, शर्टाच्या खिशाला रंगीत रुमाल लावून जुनी द्वंद्वगीतं म्हणणाऱ्या आपल्या पन्नाशीतल्या कराओके मंडळींना कुठल्या खात्यात टाकायचं? थिल्लरपणा तरुणांनीच करावा असा नियम नाही. मला तर ती मंडळी आवडतात. निदान स्वतः गातात तरी.

कारण खरं काही कमी झालं असेल तर ते हे, असं मला वाटतं. ऐकणं उदंड झालंय, गाणं कमी झालंय. दळताना, अंगाईला, भजनाला, गणेशोत्सवाच्या मेळ्याला माणसं स्वतः गात होती. बेसूर, पण गात होती. आता गाणं कानात घातलेल्या बोंडांतून येतं आणि तिथेच संपतं. जो स्वतः गातो, त्याला चांगलं-वाईट हळूहळू आपोआप कळतं, कारण सूर लागला नाही की पहिलं त्यालाच कळतं. या हिशेबाने तुमचा क्लास अधिक मोलाचा आहे, आणि त्यात कोणतं गाणं आलं यापेक्षा त्याचं पुढे काय होतं याला महत्त्व आहे.

म्हणून माझा कौल: ते गाणं शिकवा. यजमान म्हणतात त्या कारणासाठी नको. फीसाठी नाक मुरडत शिकवलेलं गाणं मुलांना लगेच कळतं आणि ते नकारापेक्षा वाईट. तुमच्या पद्धतीने शिकवा, इतकं कडक की प्रवेशिका पूर्णची परीक्षा बरी वाटावी.

आधी तुम्ही ते पूर्ण ऐका, एकट्याने, हेडफोन लावून. मग क्लासमध्ये ट्रॅक बंद. तानपुऱ्याचं ॲप लावा आणि तिची पट्टी ठरवा. हे फार गरजेचं आहे, कारण ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. तो पुरुष असेल तर मुखडा तिला खर्जात जाईल आणि अंतऱ्याला ती किंचाळेल. स्टेजवरच्या निम्म्या मुलांचे गळे याच कारणाने ताणले जातात. तिची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी) असेल तर गाणं काळी चारमध्ये आणा. मग पेटी तिच्याकडे सरकवा आणि सांगा, मुखड्याचे सूर तूच शोध. तुम्ही हात लावू नका. तिला बहुधा अख्खा तास लागेल. वहीत सरगम लिहू दे. बहुतेक गाजलेल्या गाण्यांचा मुखडा चार-पाच सुरांतच फिरतो, तो का चिकटतो हे तिला वहीत दिसेल. कुठला सूर परत परत येतो, कुठे थांबतो, कुठे अपेक्षा लावून टांगून ठेवतो. अलंकार घोकून जे कळायला वर्ष लागतं, ते आवडीच्या गाण्यात एका बैठकीत कळतं.

नंतर टाळी. केरवा असेल तर आठ मात्रा हातावर, सम कुठे येते ते तिने सांगायचं. कोळीगीताच्या वळणाची सहा मात्रांची चाल असेल तर आणखी मजा. पुढच्या वेळी तेच गाणं निम्म्या लयीत, ट्रॅक नाही, ढोलकी नाही, नुसत्या तानपुऱ्यावर. इथे गाण्याचा खरा कस लागतो. चालीत दम असेल तर ती संथ लयीतही उभी राहील आणि मींड-खटक्याला जागा दिसू लागतील; यंत्राने सरळ केलेल्या जागी ती आपल्या गळ्याचं काहीतरी ठेवील. दम नसेल तर दुसऱ्या ओळीनंतर तिलाच कंटाळा येईल. दोन्ही वेळा तुम्ही गप्प बसा. ‘बघ, मी म्हणाले नव्हते?’ हे वाक्य मनातही आणू नका.

या बदल्यात तिच्याकडून एक मागा: दुसरं गाणं तुमच्या पसंतीचं. त्याच ठेक्याचं घ्या, म्हणजे स्टेजवर जोडून म्हणता येईल. एखादी गवळण, भारूड किंवा पारंपरिक हळदीची ओवी. ख्याल नको; गणपतीच्या स्टेजवर, नैवेद्य झाल्यावर, खुर्च्या सरकत असताना छोटा ख्याल म्हणायला लावणं हा त्या मुलीवर अन्याय आहे आणि यमन रागावरही. शक्य असेल तर ट्रॅकऐवजी पेटी आणि ढोलकी घ्या, तबला शिकणारा एखादा मुलगा तुमच्या ओळखीत असेलच. त्या संध्याकाळी साथीला माणसं घेऊन गाणारी बहुधा ती एकटीच असेल, आणि फरक तिच्या आईलाही ऐकू येईल.

क्लासपुरती आणखी एक सूचना. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं मुलांनी आणलेल्या गाण्याची ठेवा. आणणाऱ्याने त्यात काय आवडलं ते सांगायचं, ‘मस्त आहे’ चालणार नाही, जागा दाखवायची. तुम्ही एक प्रश्न विचारायचा, मत द्यायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. पुढच्या खेपेला तुम्ही आणलेलं गाणं, त्याच नियमाने. मत विचारलं तर जरूर द्या, स्पष्ट द्या. शब्द भिकार असतील तर भिकार म्हणा. पूर्ण ऐकून दिलेलं वाईट मत मुलं सहन करतात.

इतकं करूनही आईने कराओकेच्या क्लासला घातलंच, तर घालू दे. फी कमी करू नका, मागे लागू नका, आणि त्या दुसऱ्या क्लासबद्दल मुलांसमोर वाईट बोलू नका. तिच्या गळ्यात तुमची काही वर्षं आहेतच, ती कुठे जात नाहीत.

या विषयावर इतरांचीही पत्रं आली आहेत, त्यांना थोडक्यात. मुलीच्या लग्नात डीजे की सनई यावरून घरात अबोला धरलेल्या पंचवटीतल्या काकांना: दोन्ही ठेवा, पण वेळा वाटून. लग्न लागेपर्यंत सनई, ती रेकॉर्डची नको, माणसं बोलवा. डीजेवाल्याशी ठरवतानाच बंद करायची वेळ आणि आवाज कागदावर घ्या, स्पीकर जेवणाच्या पंगतीकडे तोंड करून लावू देऊ नका. औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर निम्मी भांडणं गाण्यांमुळे होत नाहीत, स्पीकर कुठे ठेवला यावरून होतात. आणि गाडीत मुलगा ‘कचरा’ लावतो म्हणून वैतागलेल्या बाबांना: एक गाणं त्याचं, एक तुमचं, कुणीही मधेच बदलायचं नाही. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत दोघांनाही एकमेकांची बरीच गाणी पुरती ऐकून झालेली असतील.

ताई, आता मेसेजचं. आईला लांबलचक स्पष्टीकरण नको. एवढं पुरे: ‘नमस्कार. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, ते तिला लागलं असणार. तिचं गाणं मी आता पूर्ण ऐकलं आहे. ते आपण बसवू, सोबत माझ्या आवडीचं एक बसवू. मधल्या काही ओळींबद्दल मला बोलायचं आहे, ते तिघी मिळून ठरवू. गुरुवारी पाठवाल का?’ ती आली की बाकीच्या मुलांसमोरच तिला म्हणा, ‘मागच्या वेळी मी तुझं गाणं नीट ऐकलं नव्हतं, आज ऐकव.’ रागावणं सगळ्यांसमोर झालं होतं, त्यामुळे हेही सगळ्यांसमोर होऊ दे. गणपतीला दीड महिना उरलाय. दोन गाणी, पट्टी ठरवायची, ढोलकीवाला शोधायचा, त्याच्याबरोबर निदान चार तालमी व्हायला हव्यात, आणि मधे तिची घटक चाचणीही असेल. तेव्हा मेसेज आजच करा.